टप्प्याबाहेरची हाळी

सगळ्यात आधी जब्बार सरांचं नाव लिहितो. पुढचं लिहिताना माझं काही चुकलं, किंवा कुणी वाचता वाचता मध्येच सोडून दिलं, तरी एवढं नाव वाचलं गेलं पाहिजे. जब्बार सर केज तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत. कॉलेजचं नाव देऊ नकोस असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून देत नाही. त्यांनी मला हुडकून काढलं नसतं तर मला जे मिळालं ते कधीच मिळालं नसतं... आणि जे घडलं तेही घडलं नसतं. त्या धक्क्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही. आज सुट्टी आहे. गुजरातमध्ये मोरबीत टाइल्सच्या कारखान्यामागच्या खोलीवर कपडे भिजत पडलेत आणि मी हे मोबाइलवर टाईप करत बसलोय.

मी आठवीतून शाळा सोडली. तेव्हा चुका असतील, सांभाळून घ्या. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव बरेच दिवस वाचतोय, पण कधी कमेंट केली नाही. खरं सांगू का – वाचून हसायचो. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या. माझे वडील, आबा, असल्या गोष्टींचे पक्के वैरी. एखाद्या झाडाखाली काहीतरी दिसतं असं वस्तीवर कुणी म्हटलं, की आबा दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिथं जाऊन भाकर खाऊन यायचे. वर सांगायचे, "सावली चांगली हाय. तुमी बी या." अशा माणसाचा मी पोरगा. त्यामुळे जे लिहितोय ते लिहिताना आबांचीच भीती वाटते. ते आता नाहीत, तरी वाटते.

आमची वस्ती बालाघाटाच्या डोंगरात. एका सोंडेवर चार घरं, मधे खोल दरी, पलीकडच्या सोंडेवर पुन्हा चार घरं, शेतं खाली उताराला. पायी जाऊन निरोप सांगायचा तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून आमच्याकडं हाळी देतात. हाळी म्हणजे लांबून मारलेली हाक, पण नुसतं ओरडणं नव्हे. वाऱ्यात शब्द फुटतात, सूर टिकतो. म्हणून जेवायला बोलवायची हाळी वेगळी, जनावर चुकलं तर वेगळी, वणवा लागला तर वेगळी. आणि घरातल्या प्रत्येकाची वेगळी. आमच्या मायच्या गळ्यावर आख्ख्या डोंगराचा भरवसा होता. शेजारच्या बायका म्हणायच्या, "शांताबाई, तेवढं आमच्या मालकाला बी हाळी द्या, आमचा आवाज दरीतच पडतुया."

मायचा एक नियम होता. कुणाचीही हाक आली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला द्यायची. हा नियम तिकडं बऱ्याच घरांत आहे, आणि त्यामागं भुताखेताचं कारण सांगतात. आबा तिला चिडवायचे, "आपल्या घरात भुताची हाक कावून गं?" माय म्हणायची, "भुताचा काय संबंध? पयल्या हाकंला कळतं कुणीतरी बोलावतंय. दुसरीला कळतं कुठनं. तिसरीला कळतं कुणाला. मंग ओ द्यावी. तुमी पयल्याच हाकंला ओ देता आन् दुसऱ्याच्या कामाला जुंपले जाता."  मलाही तीच सवय लागली. पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागलो तेव्हा शेठ दोनदा ओरडला तरी मी ओ द्यायचो नाही, त्यावरून शिव्या खाल्ल्या.

मला ती मिलू म्हणायची. नाव मिलिंद. तिची माझ्यासाठीची हाळी शेवटी वर चढायची, प्रश्न विचारल्यासारखी. बाकी सगळ्यांच्या हाळ्या शेवटी खाली उतरायच्या, फक्त माझी वर. शाळेतून येताना खालच्या ओढ्यापाशी आलो की ती ऐकू यायची. तेव्हा पोरांसमोर लाज वाटायची.

माय लॉकडाऊनमध्ये गेली. मी पुण्यात अडकलेलो होतो, गाड्या बंद, रस्ते बंद. पोचलो तेव्हा सगळं उरकून कितीतरी दिवस झाले होते. तिचा फोन बटणांचा होता. फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, ज्यात ती दुसरीच कुणीतरी वाटते. आवाज तर कुठंच नाही. पुढं हॉटेल बंद पडलं, ओळखीच्यानं मोरबीला आणलं, तिथं पॅकिंगला लागलो. कारखान्यात बारीक पांढरी धूळ असते. काही महिन्यांतच माझा घसा बसला, तो बसलाच. आता मी बोलतो तेव्हा कुणीतरी पत्रा घासतंय असं वाटतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली, तिनं मी घाबरलो. मायचा चेहरा आठवायचा, पण आवाज आठवेना. हाळी कशी होती ते माहीत होतं – शेवटी वर चढायची – पण कानात वाजेना. रात्रपाळीत मशीनच्या आवाजात ती ऐकायचा प्रयत्न करायचो आणि दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज यायचा. माझ्या नावानं मारलेली तिची एक हाक पुन्हा ऐकायला मिळावी, यापलीकडं मला दुसरं काही नको होतं. कुणाला सांगणार? रूमवरची पोरं हसली असती.

अशात एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मिलिंद बोलतोय का? शांताबाईंचा मुलगा?"

"कोण बोलतंय?"

"मी जब्बार. कॉलेजात ग्रंथपाल आहे. बेटा, तुझ्या आईचा आवाज आमच्याकडे आहे."

मला वाटलं फ्रॉड. हल्ली काय काय सांगून फोन करतात. मी म्हणालो, "साहेब, ओटीपी-बिटीपी मी देणार नाही."

ते खळखळून हसले. "ओटीपी ठेव तुझ्यापाशी. आधी ऐक. तुला सर्दी झालीय का रे? आवाज कसा येतोय तुझा!"

सरांनी सांगितलं ते असं. कॉलेजात ते डोंगरपट्ट्याचा एक संग्रह करतायत. जुनी गाणी, जुने फोटो, वस्त्यांचा इतिहास, गोफणी, घोंगड्या, जे जे जायच्या मार्गावर आहे ते सगळं. काही वर्षांपूर्वी, माय होती तेव्हा, त्यांनी प्रतिभा नावाच्या एका विद्यार्थिनीला रेकॉर्डर देऊन आमच्या डोंगरावर पाठवलं होतं. हाळ्या रेकॉर्ड करायला. आणि सगळ्यांनी बोट दाखवलं आमच्या मायकडं. आता ती रेकॉर्डिंग लोकांना ऐकायला खुली करायची, तर घरच्यांची परवानगी हवी. माझा पत्ता कुणाला माहीत नव्हता. सर युसूफ वडगावच्या बाजारात दर आठवड्याला जाऊन विचारत राहिले, डोंगराकडचं कुणी दिसलं की गाठायचे. शेवटी बाजारात मोबाइल रिपेरिंगचं दुकान चालवणारा राहुल त्यांना सापडला, माझ्या मामाचा मुलगा.

परवानगी फोनवरही देता आली असती. सरच म्हणाले, "फोनवर नको. तू ये. तू स्वतः ऐक, मग ठरव लोकांना द्यायचं का. आणि लवकर ये. ती खोली परीक्षा केंद्रासाठी रिकामी करायचं चाललंय. सामान कुठं जाईल, कोण काय फेकेल, मला भरवसा नाही."

सुपरवायझरच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. रजा मिळाली. ट्रॅव्हल्सनं बीडला उतरलो, स्टँडवर तोंड धुतलं, एसटीनं केजला. तिथं राहुल गाडी घेऊन उभा होता. मला बघून म्हणाला, "काय बे, मैद्याच्या गोणीत झोपतो का काय? पांढरा पडलास पार." मी काही बोललो तर म्हणाला, "आन् आवाजाला काय झालं? बेडूक गिळला का?" राहुल असाच आहे. पण कॉलेज जवळ आलं तशी त्यानंही गाडी हळू केली. त्याच्या आत्याचा आवाज होता तो.

खोली लायब्ररीच्या माडीवर. आधी तिथं खेळाचं सामान असायचं, अजूनही कोपऱ्यात कॅरम आणि क्रिकेटची पॅड पडलेली आहेत. बाकी सगळीकडं डोंगर. घोंगड्या, गोफणी, एक जातं, भिंतीवर म्हाताऱ्यांचे फोटो. एका फोटोत आमच्या वस्तीचा पहिला विहार, त्याला पत्रे चढवताना आबा पाठमोरे दिसतात. मी हात लावला तर सर म्हणाले, "लाव, लाव. तुझाच आहे." खिडकी उत्तरेला. त्यातून लांबवर आमच्या डोंगराची सोंड दिसते, निळसर. दुपारची वेळ, ऊन रखरखीत, खाली मुलं अभ्यास करत होती. मुद्दाम सांगतोय. अंधार नव्हता, वादळ नव्हतं, काही नव्हतं. वर पंखा फिरत होता आणि त्याचा कट्कट् आवाज येत होता.

सरांनी कॉम्प्युटरला स्पीकर जोडले. "हे साफ केलेलं आहे," म्हणाले. "मधली शांतता, वारा, खोकला, सगळं कापून प्रतिभानं तुकडे केलेत. प्रत्येक हाळीचा वेगळा तुकडा."

पहिला तुकडा लावला आणि माय बोलली.

मी काय सांगू... मी खुर्चीचा दांडा धरला. जनावरांची हाळी. जेवणाची हाळी. वणव्याची हाळी, ती ऐकून तर राहुलच्या अंगावर काटा आला, त्यानं हात पुढं करून दाखवला. एका तुकड्यात नुसती 'ओऽऽऽ' होती. नाव दिलं होतं 'ओ देण्याची पद्धत'. सगळे तुकडे संपले. मी विचारलं, "सर, माझी?"

"तुझी म्हणजे?"

"माझ्या नावाची हाळी."

सरांनी चष्मा काढला. "ती त्यांनी दिली नाही, बेटा. प्रतिभानं विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या."

एवढ्या लांबून येऊन... मला तिथंच रडू फुटेल असं वाटलं. माणूस किती हावरा असतो बघा. आवाज मिळाला होता, तरी मला माझं नाव पाहिजे होतं. मी म्हणालो, "नाही म्हणाली ते तरी ऐकवता का? कशी म्हणाली ते?"

सर म्हणाले, ते साफ केलेल्यात नाही. पण मूळ रेकॉर्डिंग आहे. कपाटातून एक जुनी हार्ड डिस्क काढली, पट्टीनं गुंडाळलेली. "हे पुसून टाका म्हणून सगळे माझ्यामागं लागले होते. जागा खातं, नुसता वारा आहे त्यात. मी म्हटलं, वारा पण डोंगराचाच आहे ना? कशाला पुसू?" त्यांनीही ती पूर्ण ऐकलेली नव्हती. कामाचं तेवढं प्रतिभानं काढून घेतलं, बाकी तसंच पडून होतं.

सरांनी ते मधून लावलं. वारा. कुठंतरी शेळीची घंटी. मग प्रतिभाचा आवाज, कोवळा:

"मावशी, आन् लेकराला कशी हाळी द्यायचा तुमी?"

"लेकराला?" माय हसली. "ती न्हाई देत बाई."

"कावून?"

"त्यो हितं न्हाई. पुण्याला हाय, लांब. जो ऐकायच्या टप्प्यात न्हाई त्येला हाळी द्यायची नसती."

"दिली तर काय होतं?"

"व्हत काय न्हाई. ओ येत न्हाई. मंग आपल्यालाच घरात बसवत न्हाई."

मग शांतता. वारा तेवढा. 

मी ठरवून काही केलं नाही. शपथ घेऊन सांगतो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, हळू, स्वतःशी बोलल्यासारखं, "माय..."

स्पीकरमध्ये वारा. राहुलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, "माय!"

स्पीकरमधून प्रतिभा म्हणाली, "मावशी, मग तुमी..." आणि मायचा आवाज आला, बारीक, कान देऊन ऐकताना येतो तसा – "थांब गं. उगी ऱ्हा जरा."

राहुलचा हात खांद्यावरून गळाला. सर खुर्चीत पुढं सरकले. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. कुणी रेकॉर्डिंग बंद केलं नाही. राहुल पुटपुटला, "योगायोग हाय बे."

मी उठलो. का उठलो माहीत नाही. खिडकीपाशी गेलो, तोंडाला हात लावला, आणि लहानपणी ओढ्यापासून देत होतो तशी, आमच्या सोंडेकडं तोंड करून, फाटक्या घशानं हाळी दिली. "ए मायऽऽऽ!"

खालची मुलं वर बघायला लागली. माझ्या मागं, स्पीकरमध्ये, एक श्वास घेतल्याचा आवाज आला आणि –

"ओऽऽऽऽ!"

तीच. तुकड्यातली 'ओ देण्याची पद्धत'. ती पद्धत वगैरे काही नव्हती. ती ओ होती.

 रेकॉर्डिंगमध्ये बांगड्या वाजल्या, खडीवरून चालत गेल्याचा आवाज, माय रेकॉर्डरपासून लांब गेली. आणि लांबून, वाऱ्यातून, शेवटी वर चढणारी...

"मिलूऽऽऽ?"

मी सांगू शकत नाही. एवढे दिवस कानात वाजत नव्हती ती. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. पुन्हा आली, "मिलूऽऽऽ?" राहुलनं मला गदागदा हलवलं. "ओ दे की बे! आत्या बोलावतीय, ओ दे!" तिसऱ्यांदा आली. तिसऱ्या हाळीला माझ्या घशातून ओ निघाली. चांगली नाही निघाली, फाटून निघाली, पण निघाली.

हाळी थांबली. पुन्हा आली नाही. खडीवर पावलं वाजली, माय परत येऊन बसली. तिच्या बसतानाचा तो हुंकारही आहे त्यात.

"आला," ती म्हणाली.

"कोण आलं मावशी?"

"आमचा मिल्या. घसा बसलाय त्येचा. लई धूळ खातुया तिकडं." मग जरा थांबून, काहीच झालं नाही अशा आवाजात, "बरं... तू काय इचारत व्हतीस?"

आणि ती वणव्याच्या हाळीचं सांगायला लागली.

जब्बार सरांनी रेकॉर्डिंग बंद केलं. त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला.  मग सर उठले, माठातलं पाणी आणलं, आधी मला दिलं, मग राहुलला, मग स्वतः प्याले. 

पहिला सावध झाला राहुल. त्याचा धंदाच तो. त्यानं फाइल तपासली. तारीख तीच, काही वर्षांपूर्वीची. मध्ये जोडल्याचं, बदलल्याचं काही नाही. मग सरांना म्हणाला, पुन्हा लावा. सरांनी पुन्हा लावलं. या वेळी आम्ही तिघेही तोंड दाबून बसलो. सगळं तसंच होतं. 'टप्प्यात न्हाई', शांतता, 'थांब गं', शांतता, 'ओऽऽऽ'. सगळं आधीपासूनच तिथं होतं. फक्त माझ्या हाकांच्या जागी काहीच नव्हतं, वारा होता. ती रिकाम्या वाऱ्याला कान देत होती, रिकाम्या वाऱ्याला ओ देत होती. ते ऐकणं पहिल्यापेक्षा वाईट होतं. राहुल उठून बाहेर गॅलरीत गेला.

सरांनी प्रतिभाला फोन लावला, स्पीकरवर. ती आता घाटनांदूरला शाळेत शिकवते. सरांनी तिला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, शांताबाईंच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच काही झालं होतं का.

"हो सर, आठवतं की. त्या मध्येच उठून कड्याला गेल्या होत्या. म्हणाल्या हाक येतीय. मला काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं खाली शेतात कुणी असेल, म्हणून तेवढं कापलं. फक्त ओ छान आली होती, ती ठेवली." मग जरा थांबून म्हणाली, "एक होतं सर. परत आल्यावर त्यांनी मला कड्यावरून खाली बघायला लावलं, कुणी दिसतंय का म्हणून. मी म्हटलं कुणीच नाही मावशी. तर म्हणाल्या, आता नसंल. आल्ता... का हो सर? काय झालं?"

सर म्हणाले, "काही नाही. नंतर सांगतो."

आता तुम्ही कमेंटमध्ये जे लिहाल ते सगळं माझं स्वतःला विचारून झालंय. आबांचा पोरगा आहे, विचारल्याशिवाय राहणार नाही. खाली दरीत खरंच कुणीतरी हाक मारली असेल, प्रतिभाला ऐकू आली नसेल, मायचे कान तिखट होते. मान्य. ती मला मिस करत होती, वाऱ्यात तिला माझा भास झाला असेल. तेही मान्य. माझ्या हाका नेमक्या त्या जागी पडल्या, हा योगायोग. चला, तोही मान्य करतो, राहुल तर अजून तेच म्हणतो, पण म्हणताना माझ्याकडं बघत नाही.

पण घसा? ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी पुण्यात हॉटेलात भाज्या चिरत होतो. घसा ठणठणीत होता. मोरबीचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. धूळ कसली, कुठली, मलाच माहीत नव्हती. तिला कुणी सांगितलं?

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते. माय एका शब्दाची माणूस होती. जो टप्प्यात नाही त्याला ती हाळी देत नव्हती. त्याच बैठकीत, त्याच तोंडानं सांगितलं होतं तिनं. आणि तरी दिली. म्हणजे तिच्या हिशेबानं मी तेव्हा टप्प्यात होतो. कुठल्या टप्प्यात?   तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, पण हसण्यासाठी सांगू नका.

निघताना सर म्हणाले, या भागाची संग्रहात नोंद करावी लागेल, काय लिहू? मी म्हणालो, जे ऐकू येतं ते लिहा. त्यांनी लिहिलं – 'मुलाची हाळी'. पुढं थोडी जागा कोरी सोडली. म्हणाले, "ही तशीच राहू दे." मी परवानगी दिली, सगळ्या हाळ्यांना. ह्या एकीला सोडून. सर म्हणाले, "ही तर मी मागितलीच नव्हती."

त्यांनी मला स्कूटरवरून स्टँडपर्यंत सोडलं. घरून आणलेला डबा दिला, "वाटेत खा, घशाला तेलकट काही नाही त्यात." एसटीच्या खिडकीशी उभे राहून एकच गोष्ट मागितली. आमच्या वस्तीवर आता फार कुणी राहत नाही, मायच्या हाळ्या येणारा मीच राहिलो, तर मी त्या पुरुषाच्या आवाजात रेकॉर्ड करून द्याव्यात. मी तिथंच गाडीत बसून एक देऊन बघितली. शेजारची बाई दचकली, पण सूर काही लागला नाही. सर म्हणाले, "घाई नाही बेटा. खोली जाईल तिथं जाईल, डिस्क माझ्या घरी नेतो."

आणि त्यांनी खरंच नेलीय. काल फोन आला होता. खोलीत आता परीक्षेचे कॉम्प्युटर लागलेत.

त्या भागाची कॉपी माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी ती अजून एकदाही लावलेली नाही. इथं, या मशीनच्या आवाजात, लावायची हिंमत होत नाही. चुकून तोंडातून हाक गेली, तर?

जब्बार सर, हे तुम्हाला कुणीतरी दाखवेल हे मला माहीत आहे. डॉक्टरनं घशाला औषध दिलंय, मास्क लावून काम करतोय. घसा सुटला की पहिल्या रजेला येतो. तुम्हाला सोंडेवर नेतो, माय बसली होती त्याच दगडावर बसवतो, आणि तुमच्या रेकॉर्डरसमोर आमच्या घरच्या सगळ्या हाळ्या देतो, एकही न गाळता. शेवटची तुमच्या नावाची. तुम्ही समोरच असाल, टप्प्यात, तेव्हा ओ द्यायला लागेल. तुमचं माझ्यावर जे आहे ते एवढ्यानं फिटणार नाही, पण फेडायला सुरुवात तिथून करीन. नक्की करीन.